डांबर : त्याचे उपयोग आणि त्यापासून होणारे अपाय

'डांबर' हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांस नवा नाहीं. डहाणूकडे जाणाऱ्या सडकेस आपण डांबरी रस्ता म्हणतों. कपड्यांच्या पेटींत ठेवावयाच्या पांढऱ्या गोळ्यांस डांबराच्या गोळ्या म्हणतों. दवाखान्याची फरशी पुसतांना जो काळा पातळ पदार्थ पाण्यांत पडतांच दुधासारखा होतो, त्या फिनेलच्या वासासही पुष्कळ लोक डांबराचाच वास म्हणतात. एक वस्तु काळी व घट्ट, दुसरी पांढरी व स्फटिकासारखी, तिसरी पातळ. आणि नांव मात्र एक. हें कसें झालें, आणि यांपैकीं कोणती वस्तु घरांत ठेवावी व कोणती उंबऱ्याबाहेर, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

या शब्दाचें मूळ कोळशांत नाहीं, झाडांत आहे. मलायी भाषेंत 'दामर' म्हणजे झाडाच्या सालींतून ठिबकून घट्ट होणारी राळ. अशी राळ तेलांत उकळून होड्यांच्या फटी बुजविण्याची रीत हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर फार जुनी आहे. व्यापाराबरोबर वस्तु फिरली आणि वस्तूबरोबर शब्दही फिरला. पुढें जें जें काळें, चिकट आणि पाण्यास न जुमानणारें, त्या सर्वांस लोकांनीं तेंच नांव दिलें. पवित्र शास्त्रांत नोहाच्या तारवास आंतून-बाहेरून लावलेल्या डांबराचा उल्लेख आहे. पण तें डांबर दगडी कोळशाचें नव्हे. त्या पूर्वेकडील देशांत भूमींतून आपोआप पाझरणारें काळें खनिज द्रव्य प्राचीन काळापासून लोक वापरीत असत. आज आपल्या रस्त्यांवर पडतें तें डांबर त्याचेंच भावंड होय. खनिज तेल शुद्ध करतांना सर्वांत शेवटीं तळाशीं जो जड भाग उरतो, तो हा. त्यास बिटुमेन म्हणतात. या लेखाचा विषय मात्र दगडी कोळशापासून निघणारें डांबर हा आहे. तिन्ही पदार्थ दिसावयास सारखे, परंतु त्यांचे घटक निराळे, आणि म्हणून त्यांपासून होणारे अपायही निराळे.

कोळशांतून डांबर कसें निघतें हें समजून घेण्यास आमच्या मुलांस दूर जावयास नको. ज्यांच्या वाडवडिलांनीं जंगलांत लांकडी कोळसा पाडला आहे त्यांस ही क्रिया अर्धी ठाऊकच आहे. लांकडें रचून, त्यांवर पाला घालून, वरून माती लिंपून, हवेस जेमतेम वाट ठेवून भट्टी पेटवितात. मोकळ्या हवेंत तींच लांकडें पेटविलीं तर त्यांची राख होईल. परंतु हवा कोंडल्यामुळें तीं जळत नाहींत, आंतल्या आंत करपतात. त्यांतील पाणी व वायु बाहेर पडतात, कोळसा मागें राहतो, आणि वाटेंत जेथें वाफ थंड होते तेथें काळसर चिकट रस जमतो. तो लांकडाचें डांबर होय. आतां लांकडाच्या जागीं दगडी कोळसा व मातीच्या जागीं विटांची बंद भट्टी कल्पावी, आणि आंतील उष्णता १००० अंशांच्या आसपास न्यावी. एक टन कोळशापासून पाऊण टनाच्या आसपास कोक मिळतो. शिवाय जळाऊ वायु निघतो, अमोनियामिश्रित पाणी निघतें, आणि साधारण ३० ते ४० किलो डांबर निघतें. लोखंड गाळण्यास पाहिजे असतो तो कोक. डांबर त्याच्या पाठोपाठ न बोलावतां येतें. भारतांत तें आज मुख्यतः भिलाई, राउरकेला, जमशेदपूर अशा पोलादाच्या कारखान्यांतील भट्ट्यांपासून मिळतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. डहाणूच्या खाडीकाठीं १९९५ सालीं सुरू झालेलें वीजकेंद्र आमच्या सर्व विद्यार्थ्यांच्या पाहण्यांतलें आहे. त्यांत २५० मेगावॉटचे दोन संच आहेत, व ते दगडी कोळशावर चालतात. तेव्हां तेथेंही डांबराचीं पिंपें भरत असतील, असें वर्गांत हमखास कोणी तरी म्हणतो. परंतु तेथें कोळसा कोंडून तापवीत नाहींत. त्याची बारीक पूड करून भरपूर हवेंत जाळतात. ज्या अंशाचें डांबर व्हावयाचें तोही त्या आगींत जळून जातो. मागें उरते ती राख, आणि धुरांड्यावाटे जातो तो गंधकाचा वायु. डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनें नाजूक आहे असें सरकारनें १९९१ सालीं जाहीर केलें. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरून न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं एक प्राधिकरण नेमलें गेलें. आणि धुरांतील गंधक काढून घेणारी यंत्रणा २००७ सालीं त्या केंद्रांत बसली. तो इतिहास स्वतंत्र लेखास योग्य आहे. येथें इतकेंच ध्यानांत ठेवावें, कीं कोळसा तोच, पण हवा दिली तर एक परिणाम, आणि कोंडली तर अगदीं निराळा.

कोंडलेल्या कोळशाचा वायु मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ सालीं पहिल्यानें दिसला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरांत भेंडीबाजारांत व किल्ल्याकडील कांहीं रस्त्यांवर वायूचे दिवे लागले. तो वायु पुरविणाऱ्या कंपनीचें नांव लालबागेंतील 'गॅस कंपनी लेन' या गल्लीनें अद्याप टिकविलें आहे. लंडनच्या अशाच कंपनीस १८१२ सालीं सनद मिळाली होती. युरोपांतील मोठमोठीं शहरें या दिव्यांनीं उजळलीं खरीं. पण दिव्यामागचा अंधार म्हणजे कारखान्याच्या परसांत सांचणारीं डांबराचीं डबकीं. हा पदार्थ कोणासच नको होता. कोणी तो लांकडास फांसी, कोणी जाळी, आणि पुष्कळ ठिकाणीं तो सरळ नदीनाल्यांत सोडून देत.

या घाणींत काय काय आहे हें पाहण्यास रसायनशास्त्रज्ञांनीं तिला विस्तवावर ठेविलें. आमच्या भागांत मोहाची दारू ज्या रीतीनें गाळतात (त्या पेयाचा पुरस्कार आम्हीं कधींच केला नाहीं व आज करीत नाहीं) तीच रीत : पदार्थ तापवावा, त्याची वाफ नळींतून न्यावी, व थंड करून निराळ्या भांड्यांत धरावी. डांबर तापवूं लागलें असतां आधीं हलकें तेल येतें. त्यांत बेंझीन व टोल्यूइन असतें. मग २०० अंशांच्या आगेंमागें मधलें तेल येतें. त्यांत कार्बोलिक आम्ल व नॅप्थलीन असतें. त्यानंतर क्रिओसोट नांवाचें जड तेल येतें, आणि त्याहीनंतर हिरवट झांक असलेलें अँथ्रासीनचें तेल. भांड्याच्या तळाशीं निम्म्याहून अधिक भाग उरतो, तो थंड झाल्यावर दगडासारखा कठीण होणारा पिच. आमच्या घरोघरीं असलेल्या जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्यांचा धातु काढण्यास कर्बाचे मोठमोठे ठोकळे लागतात. त्या ठोकळ्यांची पूड एकत्र बांधून ठेवणारा पदार्थ म्हणजे हाच पिच.

१८३४ सालीं रुंगे नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें डांबरांतून कार्बोलिक आम्ल व ॲनिलीन वेगळें केलें. परंतु जगास आश्चर्याचा धक्का दिला तो १८५६ सालीं विल्यम पर्किन या १८ वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्यानें. हिंवतापावरील क्विनाइन झाडाच्या सालीवांचून, प्रयोगशाळेंत तयार करावें, असा त्याचा खटाटोप होता. ॲनिलीनवर प्रयोग करतां करतां त्याच्या हातीं क्विनाइन आलें नाहीं. एक काळा गाळ आला. तो टाकून न देतां त्यानें मद्यार्कांत विरघळवून पाहिला, तों सुंदर जांभळा रंग उतरला. कृत्रिम रंगांच्या धंद्याचा हा आरंभ. १८६८ सालीं अँथ्रासीनपासून मंजिष्ठाचा तांबडा रंग सिद्ध झाला, व मंजिष्ठाचीं शेतें ओस पडूं लागलीं. १८९७ सालीं जर्मनींतील एका मोठ्या कारखान्यानें नॅप्थलीनपासून केलेली नीळ बाजारांत आणली, आणि थोड्याच वर्षांत आपल्या देशांतील निळीचा व्यापार बसला. चंपारणच्या रयतेवर निळीच्या सक्तीचा जो जुलूम होत होता, आणि ज्याच्या चौकशीस गांधीजी १९१७ सालीं गेले, त्या कहाणीमागें या पडत्या बाजाराचाही हात होता : मळेवाल्यांनीं आपली तूट वाढीव खंडानें व इतर सबबींनीं रयतेकडून भरून घेतली. एका देशांतील भट्टीचा गाळ दुसऱ्या देशांतील शेतकऱ्याच्या ताटापर्यंत कसा पोंचतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

त्या धंद्याचे वंशज आज आमच्या शेजारींच आहेत. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत रंग, औषधें व त्यांचीं मूलद्रव्यें तयार करणारे पुष्कळ कारखाने आहेत, आणि आमच्या तालुक्यांतील तरुण तेथें कामास जातात. (त्यांचें बेंझीन आतां बहुधा खनिज तेलापासून येतें, नॅप्थलीन मात्र अद्याप बऱ्याच अंशीं डांबरांतलेंच.) पोटास भाकरी मिळाली, पण खाडींत सांडपाणीही आलें. मांगेला समाजाच्या संस्थेनें ही तक्रार २०१६ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें नेली.

रंगाचा विषय निघालाच आहे, तर चैत्रांत महालक्ष्मीच्या यात्रेस जाणाऱ्या मुलांसाठीं दोन शब्द. यात्रेंतील मिठाई, सरबतें व गोळे इतके भडक कशानें होतात? अन्नांत घालण्यास कायद्यानें केवळ ८ कृत्रिम रंगांस परवानगी आहे, आणि बहुतेक पदार्थांत त्यांचें प्रमाण १० लाख भागांत १०० भागांपलीकडे जाऊं नये असा नियम आहे. परंतु मेटॅनिल पिवळा आणि ऱ्होडामिन हे कापड-कागदांचे रंग स्वस्त पडतात म्हणून कोणी कोणी तेच वापरतो. ऱ्होडामिन सांपडल्यावरून २०२४ सालीं तामिळनाडूनें म्हातारीच्या केसांची विक्री बंद केली. बोटांस लागलेला रंग साबणानेंही निघत नसेल, तर तो पोटांत घालण्याचा नव्हे असें खुशाल समजावें.

औषधाच्या बाजूनें डांबराचे उपकार मोठे आहेत. मुंबईस वायूचे दिवे लागले त्याच १८६५ सालीं, ऑगस्ट महिन्यांत, ग्लासगो येथें जोसेफ लिस्टर यांनीं गाडीखालीं पाय सांपडलेल्या ११ वर्षांच्या एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लांत भिजविलेली पट्टी बांधली. हाड मोडून कातडींतून बाहेर आलें म्हणजे त्या काळीं पाय तरी कापावा लागे, नाहीं तर रोगी दगावे. या मुलाची जखम न चिघळतां सहा आठवड्यांत भरून आली. शस्त्रक्रियेचा इतिहास तेथून पालटला. तांबडा कार्बोलिक साबण, काळें फिनेल, हीं त्याच आम्लाचीं व त्याच्या भावंडांचीं घरगुती रूपें. वेदनाशामक ॲस्पिरिन १८९७ सालीं ज्या मार्गानें तयार झालें त्याचा आरंभही कार्बोलिकपासूनच होतो. कातडीच्या एका चिवट खवलेदार रोगावर वैद्य लोक शुद्ध केलेल्या डांबराचें मलम आजही देतात. साखरेहून शेंकडोंपट गोड असें सॅकरिन १८७९ सालीं सांपडलें तेंही डांबरजन्य पदार्थांवर काम करतांना. शोधक फालबर्ग हात न धुतां जेवावयास बसला आणि त्याला भाकरी गोड लागली. आमच्या प्रयोगशाळेंत हें उदाहरण कोणी गिरवूं नये. पुढचा पदार्थ गोडच असेल असा भरंवसा नाहीं.

परंतु वास जितका उग्र तितकें औषध जालीम, ही समजूत खोटी आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला तेव्हां घरें व गटारें कार्बोलिकनें धुवून काढण्यांत आलीं. प्लेग हटला नाहीं. तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो हें सीमों या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं दाखवून दिलें. पिसवांस गटारांतील कार्बोलिकची काय पर्वा? आणि कार्बोलिक स्वतः विष आहे. तीव्र आम्ल कातडीस लागलें तर प्रथम जागा बधिर होते, म्हणून इजा लवकर कळत नाहीं. तेवढ्यांत तें कातडींतून रक्तांत उतरतें. फिनेल शीतपेयाच्या रिकाम्या बाटलींत भरून ठेवण्याची जी वाईट चाल आहे, ती पालकांनीं आजच बंद करावी.

डांबराचे बळी त्याच्या अभ्यासकांपासूनच सुरू होतात. डांबरांतून बेंझीन काढण्याची रीत बसविणारा चार्ल्स मॅन्सफील्ड १८५५ सालीं त्याच कामांत भाजून मेला; भांडें उतूं जाऊन तेल पेटलें. पण आगीपेक्षां मंद अपाय अधिक घातक. १७७५ सालीं लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं लिहून ठेविलें, कीं धुरांडीं साफ करण्यासाठीं ज्यांना लहानपणीं त्यांत चढवितात, त्यांना पुढें कातडीचा एक विशिष्ट कर्करोग होतो, कारण काजळी. काजळी व डांबर यांचें नातें पुढें जपानांत सिद्ध झालें. यामागिवा व इचिकावा या दोघांनीं सशांच्या कानांस पुन्हापुन्हा, कित्येक महिने, डांबर चोपडलें, आणि १९१५ सालीं त्या कानांवर कर्करोग उठल्याचें जगास दाखविलें. १९३३ सालीं लंडनच्या शास्त्रज्ञांनीं पिचमधून बेंझोपायरीन नांवाचा पदार्थ वेगळा काढला. हाच त्यांतील एक मुख्य अपराधी ठरला. दगडी कोळशाचें डांबर गाळणें, त्याचा पिच हाताळणें, व कोकच्या भट्टीवर काम करणें हीं तिन्ही कामें माणसास निश्चितपणें कर्करोग देणारीं म्हणून आंतरराष्ट्रीय यादींत नोंदलेलीं आहेत. रस्त्यावरच्या बिटुमेनमध्यें हा पदार्थ फारच थोडा असतो. त्याच्या धुरासंबंधीं संशय आहे, परंतु दोष त्या मानानें कमी. भाषेनें दोघांस एक नांव दिलें म्हणून दोघांस एकच शिक्षा देणें बरोबर नाहीं.

मात्र बेंझोपायरीन केवळ कारखान्यांत असतो असें नाहीं. जेथें जेथें लांकूड, पाला, शेण, कोळसा अपुऱ्या हवेंत धुमसतो तेथें तो होतो. आमच्या पाड्यांतील झोपडींत चुलीवरच्या आढ्यास जी काळी, चकचकीत, चिकट पुटें चढतात, तीं कोळसाभट्टीच्या कडेस जमणाऱ्या रसाचींच सख्खीं भावंडें होत. त्या धुरांत दिवसाचे तीन-चार तास कोण बसतें, तर आई आणि तिच्या कडेवरचें मूल. भिंतींत चुलीमागें धुरासाठीं वाट ठेवणें, वाळलेलें सरपण वापरणें, लेंकरास चुलीपासून दूर निजविणें, एवढें तरी प्रत्येक घरास साधण्याजोगें आहे.

आणि एक गोष्ट सरपणाविषयींच. पूर्वीं रेल्वेचे लांकडी स्लीपर, तारेचे खांब व बंदरांतील खुंट कुजूं नयेत, वाळवी लागूं नये, म्हणून त्यांस दाबाखालीं क्रिओसोट पाजीत. ही युक्ति इंग्लंडांत १८३८ सालीं निघाली. रुळांखालीं आतां सिमेंटचे स्लीपर आले, आणि काढलेलें जुनें लांकूड बाजारांत फिरूं लागलें. तें भडकन पेटतें म्हणून चुलींत घालण्याचा मोह होतो. घालूं नये. त्याचा धूर सर्व डांबराचा धूर आहे. त्याचें दार, पलंग, किंवा गुरांची गव्हाणही करूं नये. कुंपणाचा खांब करावा; त्यास तें उत्तम.

आतां डांबराच्या गोळ्या. यांवर आम्ही थोडें सविस्तर लिहितों, कारण हा अपाय आमच्या भागांतील घरांस विशेष लागू आहे. ही गोळी म्हणजे नॅप्थलीन. उघडी ठेविली असतां ती न वितळतां हवेंत उडून जाते, व तो वायु लोकरींत व सुतांत भिनतो. किडा त्यानेंच मरतो. बहुतेक माणसांस पेटीच्या वासानें कांहीं होत नाहीं. पण कांहीं माणसांच्या रक्तांतील तांबड्या पेशींत एक रक्षक द्रव्य जन्मतः कमी असतें. डॉक्टर त्यास जी-सिक्स-पी-डी म्हणतात. अशा माणसाच्या अंगांत नॅप्थलीन गेलें, मग तें खाण्यानें असो, श्वासानें असो, वा कपड्यावाटे कातडींतून असो, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटूं लागतात. एकदोन दिवसांत चेहरा फिकट पडतो, डोळे पिवळे होतात, लघवी काळ्या चहासारखी होते. मोठा माणूस बहुधा सांवरतो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचें मात्र तसें नाहीं. त्याची कावीळ इतकी वाढूं शकते कीं ती मेंदूवर जाते, आणि मूल वांचलें तरी बहिरें किंवा अपंग होतें.

ही उणीव जगांत सुमारे ४० कोटि लोकांत आहे. ती आईकडून मुलांत उतरते व मुलींपेक्षां मुलग्यांत अधिक प्रकट होते. जेथें पिढ्यान्‌पिढ्या हिंवताप नांदला तेथेंच ती अधिक आढळते, कारण तिच्यामुळें हिंवतापाचा जोर कांहींसा कमी होतो. आपल्याकडे पारशी समाजांत, तसेंच पश्चिम भारतांतील कित्येक आदिवासी जमातींत तिचें प्रमाण इतरांहून जास्त आहे. आणि डहाणू-तलासरीची वस्ती कोणाची आहे हें सांगणें नको. ज्या रोगावर औषध शोधतां शोधतां पर्किनला रंग सांपडला, त्याच रोगानें आमच्या रक्तांत ही खूण ठेविली आहे.

म्हणून घरांतील थोरल्या बायकांस आमची आग्रहाची विनंति आहे. बाळंतिणीचीं लुगडीं, बाळाचीं दुपटीं, गोधड्या, थोरल्या भावाचीं ठेवणींतलीं आंगडींटोपडीं यांत डांबराची गोळी कधींही घालूं नये. माळ्यावरच्या पेटींतून काढलेला कपडा प्रथम धुवावा, उन्हांत दिवसभर वाळवावा, वास पूर्ण गेला म्हणजे मगच बाळाच्या अंगाखालीं घालावा. केवळ वारा लागला म्हणून भागत नाहीं. गोळीच्या ऐवजीं कडुलिंबाचा वाळला पाला किंवा वेखंड फडक्यांत बांधून ठेवावा. त्याचा गुण थोडा कमी, पण त्यानें मूल दगावत नाहीं. गोळ्या घरांत ठेवावयाच्याच असतील तर मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा जागीं ठेवाव्या, कारण त्या पेपरमिंटासारख्या दिसतात. मुलानें गोळी गिळली तर दूध, तेल, तूप पाजूं नये; नॅप्थलीन स्निग्ध पदार्थांत विरघळून अधिक लवकर भिनतें. ओकारी काढण्याच्या भानगडींतही पडूं नये; मुलास व गोळीच्या पुडीस घेऊन थेट दवाखाना गांठावा, आणि मूल हंसत-खेळत असलें तरी पुढचे चारपांच दिवस त्याच्या लघवीचा रंग पाहावा. ज्या घरांत पूर्वीं कोणास औषधानें अशी काळी लघवी झाली असेल त्यांनीं तें हिंवतापाच्या गोळ्या देणाऱ्या आरोग्यसेवकास आधींच सांगावें. प्रायमाक्वीन नांवाच्या गोळीनेंही अशा रक्तास तोच अपाय होतो.

शेवटीं रस्त्याच्या कामासंबंधीं. पावसाळा सरला म्हणजे आमच्या पाड्यांतील कित्येक कुटुंबें सडकेच्या कामावर जातात. तेथील डांबर बिटुमेन आहे, म्हणून कर्करोगाचें भय कमी असें वर सांगितलें. पण तें १५० अंशांच्या आसपास तापविलेलें असतें, आणि उकळत्या पाण्याप्रमाणें घसरून न जातां अंगास चिकटून बसतें. तें सोलून काढूं नये, कातडी बरोबर येते. भाजलेल्या जागीं निदान २० मिनिटें गार पाणी ओतीत राहावें; डांबर घट्ट होऊन उष्णता बाहेर पडते. मग तें तसेंच ठेवून दवाखान्यांत न्यावें. हातावरचें डांबर घासलेटनें धुण्याची जी रीत आहे, तीही बरी नव्हे. खोबरेल लावून पुसावें, मग साबण. पिंपाजवळ पोतें अंथरून मुलास निजविण्यापेक्षां, वारा ज्या बाजूनें येतो त्या बाजूस, झाडाखालीं, एका म्हाताऱ्या माणसापाशीं ठेवावें. पिंपांत पाणी पडूं देऊं नये. तापलेल्या डांबरांत थोडेंसें पाणी गेलें तरी त्याची क्षणांत वाफ होऊन सर्व पिंप फसफसून उतूं येतें. मॅन्सफील्डचें भांडेंही उतूं गेलें होतें.

काम संपल्यावर रिकामीं पिंपें स्वस्तांत मिळतात, तशीं तारापूरकडच्या कारखान्यांतलींही मिळतात. चैत्र-वैशाखांत विहिरी आटल्या म्हणजे त्यांत पाणी सांठविण्याचा विचार ज्याच्या त्याच्या मनांत येतो. पिंपांत काय होतें हें त्यावर लिहिलेलें नसतें, आणि तीन वेळां राखेनें घांसलें तरी पत्र्याच्या शिवणींत जें बसलें तें निघत नाहीं. असें पिंप घरीं आलेंच असेल, तर त्याच्या तळास खिळ्यानें चार भोकें पाडावीं, म्हणजे घरांतल्या कोणास त्यांत पाणी भरण्याची बुद्धि होणार नाहीं, आणि मग तें कुंपणाकडे सरपण झांकण्यास वापरावें.